परक्या अंगणाची ओढ

जबलपूर शहराच्या जुन्या वस्तीत, बडा फुहारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौकाजवळ, कमानिया गेट उभे आहे. १९३९ सालच्या मार्च महिन्यात नर्मदेच्या काठी त्रिपुरी येथे काँग्रेसचे ५२ वे अधिवेशन भरले. सुभाषचंद्र बोस त्याचे अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाचे स्मारक म्हणून हा दरवाजा ओळखला जातो. इतिहासाच्या दृष्टीने एवढी ओळख पुरेशी आहे. मला मात्र आज त्याचा उल्लेख निराळ्या कारणासाठी करावयाचा आहे. हा दरवाजा भर बाजारात आहे आणि त्याच्याखालून दिवसभर नाना तऱ्हेची माणसे जात-येत असतात. सराफ्यातील व्यापारी, बुंदेली बोलणारे शेतकरी, १९०४ पासून चालत आलेल्या तोफगाडी कारखान्यातील कामगार, मंडला-डिंडोरीकडून मजुरीसाठी आलेले गोंड, आणि भोसल्यांच्या अमदानीचा वारसा सांगणाऱ्या मराठी घरांतील माणसेही. ही सर्व माणसे एकमेकांच्या खांद्याला खांदा घासून जातात, परंतु एकमेकांच्या घरात काय चालते हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते. हा समोरून गेलेला मनुष्य सकाळी किती वाजता उठत असेल, त्याच्या चुलीवर काय शिजत असेल, त्याची बायको त्याच्यावर कशासाठी रागावत असेल, हा प्रश्न मनात डोकावतो आणि गर्दीत विरून जातो. या प्रश्नाचीच आज थोडी फोड करावी असा माझा विचार आहे. आपल्याहून सर्वस्वी निराळे आयुष्य जगणाऱ्या माणसाचा दिनक्रम वाचावयास आपल्याला इतके का आवडते?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. थोर पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती बोध घेण्यासाठी, किंवा निदान तसे आपण म्हणतो तरी. येथे मला त्या वाचनाविषयी बोलावयाचे नाही. येथे प्रश्न आहे तो साध्या, रोजच्या गोष्टींचा. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ घ्या. कोकणातील वरसई गावचे हे भिक्षुक द्रव्यार्जनासाठी १८५७ साली उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते प्रत्यक्ष होते. त्यांचे हे लेखन १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी प्रसिद्ध केले. या पुस्तकात राणी लक्ष्मीबाई आहे, तोफा आहेत, लूट आहे, कत्तल आहे. तरीही वाचकाला ते जवळचे वाटते ते भटजींच्या बारीक नजरेमुळे. जेवावयास काय मिळाले, दक्षिणा किती हाती पडली, पाणी कोठून आणावे लागले, हे ते विसरत नाहीत. इतिहासकार लढाईचा नकाशा देतो. भटजी त्या लढाईत सापडलेल्या माणसाची तहान सांगतात. आणि तहान ही अशी वस्तू आहे की ती समजण्यासाठी झाशीला जावे लागत नाही.

या आवडीचे पहिले कारण येथेच सापडते. परक्या माणसाच्या आयुष्यात आपण एकाच वेळी दोन गोष्टी शोधत असतो. एक वेगळेपणा आणि दुसरी ओळख. नुसता वेगळेपणा असेल तर कुतूहल लवकर थकते, कारण ज्याच्याशी आपला काहीच सांधा जुळत नाही त्याची गोष्ट परग्रहावरील वृत्तान्तासारखी वाटते. नुसती ओळख असेल तर आपल्याच शेजाऱ्याची कहाणी ऐकल्याप्रमाणे कंटाळा येतो. जेथे रीत निराळी परंतु गरज तीच, तेथे मन रमते. धान्य निराळे, भूक तीच. लग्नाचा विधी निराळा, मुलगी सासरी जाताना आईच्या डोळ्यांना येणारे पाणी तेच. वाचणारा दुसऱ्याचे आयुष्य पाहता पाहता नकळत आपल्या आयुष्याकडे बाहेरून पाहू लागतो. आपण जे जगतो ते सृष्टीच्या नियमासारखे अटळ नसून जगण्याच्या अनेक रीतींपैकी एक रीत आहे, ही जाणीव त्याला होते. ही जाणीव थोडी बेचैन करणारी असते. पण तीत एक मोकळेपणाही असतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. परक्याचे दुःख पुस्तकातून वाचताना आपल्या अंगाला त्याची झळ लागत नाही. पाहिजे तेव्हा पुस्तक मिटता येते. या सोयीचा लाभ कसा घेतला जातो याचे एक उदाहरण जबलपुराशीच निगडित आहे. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात, १८३० च्या आसपास, कर्नल स्लीमन हे ब्रिटिश अधिकारी ठगांच्या बंदोबस्ताचे काम करीत होते आणि त्या कामाचे मुख्य ठिकाण जबलपूर होते. पकडलेल्या ठगांपैकी काहींना माफीचे साक्षीदार करून त्यांचे जबाब नोंदविण्यात आले. १८३९ साली मेडोज टेलर यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लिहिली आणि अमीर अली या ठगाच्या तोंडून त्याची कथा इंग्लंडच्या वाचकांना ऐकविली. पुस्तक अतोनात गाजले. लंडनच्या घरातील उबदार शेगडीजवळ बसून मध्य हिंदुस्थानच्या वाटेवर आवळल्या जाणाऱ्या रुमालाची गोष्ट वाचणे यात केवढा थरार असेल!

परंतु या कथेला एक उत्तरार्ध होता. माफीचे साक्षीदार झालेल्या याच माणसांना आणि त्यांच्या मुलांना जबलपुरात एका उद्योगशाळेत कामाला लावण्यात आले होते. तेथे ते तंबू शिवीत आणि सतरंज्या विणीत. त्यांची मुले तेथेच लहानाची मोठी झाली. रोज सकाळी मागावर बसणाऱ्या, अंगात पूर्वायुष्याचा कलंक घेऊन म्हातारे होणाऱ्या त्या माणसांविषयी कादंबरी लिहावी असे कोणाला वाटले नाही. वाचकाला ठगाचा रुमाल हवा होता, विणकराचा धोटा नको होता. म्हणजे परक्या आयुष्याची ओढ नेहमीच माणसाची ओढ असते असे नाही. कित्येकदा ती केवळ भीतीची चव असते. ज्याच्याविषयी आपण वाचले तो मनुष्य मिटल्या पुस्तकानंतर आपल्याला अधिक माणूस वाटतो की कमी, हा या वाचनाचा पहिला कस आहे.

माझ्यासारख्या सरकारी चाकरीतील माणसाला या विषयाची आणखी एक बाजू दिसते. राज्यकारभार चालविणाऱ्यांना इतरांच्या आयुष्याविषयी रोज वाचावे लागते, पण ते वाचन रकान्यांतून होते. कुटुंबातील माणसे किती, जमीन किती एकर, उत्पन्न काय, जात कोणती. हे रकाने आवश्यक आहेत, त्यांच्यावाचून न्याय्य वाटप होणार नाही. याच प्रदेशात रसेल आणि मूळचे मुडवारा-कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १९१६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही अभ्यासकाला तो चाळावा लागतो. जमातीची उत्पत्तिकथा, कुळे, विवाहाचे नियम, मृतांचे संस्कार, सर्व काही क्रमवार सापडते. मात्र त्यात ‘गोंड असे करतात’, ‘बैगा तसे मानतात’ अशी वाक्ये असतात. एखादा विशिष्ट गोंड एका विशिष्ट मंगळवारी काय करीत होता, हे त्यात नसते. ते त्या ग्रंथाचे कामही नव्हे.

ते काम वीस वर्षांनी एका दैनंदिनीने केले. व्हेरिअर एल्विन हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले इंग्रज तरुण १९२७ साली पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आले, गांधीजींच्या सहवासात आले, आणि १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड खेड्यात राहावयास गेले. तेथील दिवसांची टिपणे १९३६ साली ‘लीव्हज फ्रॉम द जंगल’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. पुस्तकाला मोठे कथानक नाही. पाऊस, आजारपण, औषधे, शाळा, पाहुणे, नाच, भांडणे, गमती, अशा नोंदी एकीमागून एक येत जातात. लेखक गोंडांना हसत नाही, हसतो तो बहुधा स्वतःला. हे पुस्तक वाचणाऱ्या परदेशी वाचकाला गोंडांविषयी शास्त्रीय ज्ञान किती मिळाले हे सांगणे कठीण आहे, पण मैकल पर्वताच्या कुशीतील एका खेड्यात माणसे राहतात, ती चेष्टा करतात, रुसतात, मुलांना ताप आला की रात्र जागून काढतात, हे त्याला निश्चित कळले. रकान्याला जे साधत नाही ते दिनक्रमाच्या वर्णनाला साधते. कारण सलग दिवस पाहिल्यावरच माणूस दिसू लागतो.

येथपर्यंत या आवडीचे कौतुक झाले. आता तिच्या धोक्याकडे वळले पाहिजे, आणि तो धोकाही याच उदाहरणात आहे. एल्विन यांनी १९३९ साली ‘द बैगा’ हा मोठा ग्रंथ लिहिला. बैगा लोक पूर्वापार बेवार पद्धतीने शेती करीत. जंगलाचा तुकडा तोडून, जाळून, राखेत बी टाकावयाचे आणि काही वर्षांनी दुसरीकडे सरकावयाचे. नांगर चालविणे म्हणजे धरणीमातेचे ऊर फाडणे अशी त्यांची श्रद्धा होती. वनखात्याने ही शेती बंद करीत आणून १८९० च्या सुमारास ‘बैगा चक’ नावाच्या मर्यादित क्षेत्रातच तिला मुभा ठेवली. बैगांचे यात झालेले नुकसान एल्विन यांनी कळकळीने मांडले, आणि बाहेरच्यांचा शिरकाव मर्यादित करून त्यांच्यासाठी एक प्रकारचे संरक्षित क्षेत्र राखावे असे सुचविले.

या विचाराला मराठी विद्वानाकडूनच कणखर उत्तर मिळाले. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींच्या भवितव्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आदिवासी हे उर्वरित समाजापासून तोडून पाहण्याजोगे नाहीत, त्यांचा संबंध शतकानुशतके चालत आलेला आहे, आणि त्यांना वेगळे ठेवण्यात त्यांचे हित नाही, असा त्यांचा पक्ष होता. दोघांपैकी संपूर्ण बरोबर कोण, याचा निकाल देण्याची ही जागा नव्हे. एल्विन यांना सावकार आणि ठेकेदार यांची भीती होती, आणि ती खोटी नव्हती. घुर्ये यांना वेगळेपणाच्या नावाखाली होणाऱ्या उपेक्षेची भीती होती, आणि तीही खोटी नव्हती. पुढे एल्विन यांचा विचारही बदलला. स्वातंत्र्यानंतर ईशान्य सीमा प्रदेशात काम करताना, आदिवासींना पदार्थसंग्रहालयातील नमुने म्हणून जपावयाचे नाही, असे त्यांनी निक्षून लिहिले.

आपल्या विषयापुरता यातील मुद्दा असा की, परक्याच्या वेगळेपणावर आपण लुब्ध झालो की त्याने तसेच राहावे अशी इच्छा आपल्या मनात हळूच उगवते. शहरात राहणाऱ्याला खेड्यातील कौलारू घर फार सुंदर वाटते, आणि त्या घराच्या मालकाने सिमेंटचा स्लॅब घातला की शहरवाल्याला वाईट वाटते. घरमालकाला मात्र दर पावसाळ्यात कौले शाकारण्याचा त्रास चुकलेला असतो. आपल्याला चित्र हवे असते, त्याला घर हवे असते.

दुसरा धोका गाळलेल्या गोष्टींचा. दिनक्रमाचे वर्णन खरे असले तरी पूर्ण नसते. कोणता क्षण नोंदवावा आणि कोणता सोडून द्यावा हे लिहिणारा ठरवितो. एल्विन यांनी १९४० साली एका गोंड तरुणीशी विवाह केला आणि तो १९४९ साली मोडला. इतरांच्या घरसंसाराविषयी शेकडो पाने लिहिणाऱ्या या लेखकाने आपल्या आत्मचरित्रात या संसाराची वाट मात्र अगदी थोड्या शब्दांत उरकली. ते दुःखच तसे असेल, त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्या स्त्रीची बाजू वाचकापुढे तिच्या शब्दांत त्या वेळी आली नाही, ही वस्तुस्थिती राहते. आजकाल हातातल्या मोबाइलवर परक्यांची स्वयंपाकघरे, शेते, प्रवास आणि सणवार आपण घटकाभरात पाहतो. तेथेही धुतलेली भांडी दिसतात, घासणारे हात क्वचित दिसतात. पाहणाऱ्याने आपले घर त्या निवडलेल्या चित्राशी ताडून पाहिले तर त्याच्या पदरी असमाधान येणारच, कारण तो आपला पूर्ण दिवस दुसऱ्याच्या वेचक क्षणांशी तोलत असतो.

मग या ओढीचे चांगले फळ कोणते? याचे मला माहीत असलेले सर्वांत हृद्य उदाहरण एका मराठी मुलीचे आहे. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातील कारकून. आपल्या पत्नीला अमेरिकेत शिकविण्याविषयी त्यांनी एका मिशनऱ्याला लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी ते नियतकालिक हाती घेतले. हजारो मैलांवरील एका हिंदू मुलीची शिकण्याची इच्छा त्यांनी वाचली. असे वाचणारे आणखी कितीतरी असतील. त्यांनी वाचले, क्षणभर नवल केले आणि पान उलटले. कार्पेंटरबाईंनी मात्र पत्र पाठविले. त्या पत्राला आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि दोन अनोळखी घरांत पत्रांची ये-जा सुरू झाली. चालीरीती, धर्म, कपडे, आजार, सर्व विषय त्यांत आले. १८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या तेव्हा त्यांना उतरवून घ्यावयास कार्पेंटरबाई हजर होत्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस. त्यांची रक्षा अमेरिकेस पाठविण्यात आली आणि कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. कुतूहलापासून निघालेली वाट आप्तपणापर्यंत जाऊन पोहोचली, कारण येथे पाहणारी आणि पाहिली जाणारी अशी वाटणी राहिली नाही. दोघीही लिहीत होत्या, दोघीही वाचत होत्या.

हाच बदल पुढे आपल्या साहित्यातही झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ या १९४९ सालच्या पुस्तकाने शहरी वाचकाला दुष्काळी मुलखातील माणसे जवळून दाखविली. १९७८ साली दया पवार यांचे ‘बलुतं’ आणि १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्यांच्याविषयी इतर लिहीत आले होते त्यांनी स्वतः लेखणी हाती घेतली. ही पुस्तके वाचताना मध्यमवर्गीय मराठी वाचकाला पूर्वीची सुरक्षितता लाभली नाही. पुस्तकातले आयुष्य परके होते, पण त्या आयुष्याच्या काठावर कोठेतरी वाचकाचे स्वतःचे घर, त्याची विहीर आणि त्याचे देऊळही दिसत होते.

आणि महाकोशलच्या जंगलातही तेच घडले. एल्विन आणि हिवाळे पुढे पाटनगढ या गावी राहिले होते. गोंडांचे भाट असलेल्या परधानांवर हिवाळे यांनी १९४६ साली ग्रंथ लिहिला. त्याच पाटनगढच्या परधान कुटुंबांतून जनगढसिंह श्याम यांच्यासारखे चित्रकार निघाले. त्या गावचे भज्जू श्याम यांना एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी लंडनला नेण्यात आले, आणि परतल्यावर त्यांनी आपण पाहिलेले लंडन चित्रांत उतरविले. ‘द लंडन जंगल बुक’ हे ते पुस्तक २००४ साली निघाले. किपलिंग यांच्या १८९४ सालच्या ‘जंगल बुक’ची आठवण त्या नावात मुद्दाम ठेवलेली आहे, कारण मोगलीची कथाही जबलपूरजवळच्या सिवनीच्या डोंगरांतच घडते. भज्जू श्याम यांच्या चित्रात लंडनचे प्रसिद्ध घड्याळ कोंबड्याशी एकरूप झाले आहे, कारण गावात वेळ सांगणारा तोच. जमिनीखालची रेल्वे त्यांना भूमीच्या पोटातील गांडुळासारखी दिसली. संध्याकाळ झाली की घराबाहेर पडून मद्यगृहांत जमणारे इंग्रज त्यांना वटवाघळांसारखे वाटले. शंभराहून अधिक वर्षे ज्यांचे वर्णन साहेब लोक करीत आले, त्यांच्यातील एकाने साहेबाच्या दिनक्रमाचे वर्णन केले, आणि त्यात तुच्छता नव्हती. नवल होते, विनोद होता आणि सूक्ष्म निरीक्षण होते. इंग्रज वाचकाला आपलेच शहर परके होऊन पुन्हा भेटले.

परक्या अंगणात डोकावण्याची इच्छा माणसाला आहे आणि राहणार. ती दडपण्याचे कारण नाही. तिला थोडे वळण मात्र लावता येते. वाचून झाल्यावर आपण स्वतःला दोन-तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले, ज्याचे आयुष्य आहे त्याने की त्याच्याकडे पाहणाऱ्याने? यातून काय गाळले असेल? आणि ज्याच्याविषयी मी वाचले त्याला माझ्याविषयी काही विचारावयाचे असेल तर माझे दार त्याला उघडे आहे काय? ज्यांच्या सहीने इतरांच्या जमिनी, शिधा आणि वस्त्या यांचे निर्णय होतात, त्यांनी तर हा अभ्यास नेमाने करावा. रकाना भरण्यापूर्वी त्या रकान्यातील माणसाचा एक सबंध दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, त्याच्याच तोंडून ऐकून घेतला तर निर्णयास थोडा उशीर होईल. पण पुष्कळदा निर्णय निराळा होईल, आणि तो अधिक बरोबर असण्याचा संभव आहे.